गाडलं गेलं तरच जगणारं गवत

बुंटग्रास हे गवत वाळूखाली गाडलं गेलं तरच नीट जगतं. वीतभर उंचीचा ठोंब, पाती बारीक, ताठ आणि टोकदार, रंग निळसर राखाडी. वारा बुडाशी नवी वाळू आणून टाकतो, ठोंब थोडा बुजतो आणि बुजलेल्या भागातून नव्या मुळ्या फुटतात. दर वर्षी एवढं झालं की गवत टवटवीत. वाळू यायची थांबली की जुन्या मुळ्या थकतात, ठोंब मधून वाळत जातो आणि काही वर्षांत तिथे करड्या काड्यांचा झुपका तेवढा उरतो. वनस्पतिशास्त्रात त्याला कोरिनेफोरस कॅनेसेन्स म्हणतात. डच लोक बुंटग्रास म्हणतात, म्हणून आपणही तेच म्हणू.

हे गवत जिथे भरपूर आहे ती जागा नेदरलँड्समध्ये, समुद्रापासून शंभरेक किलोमीटर आत आहे. वेलुवे नावाच्या जंगली पट्ट्यात कोटवाइक हे छोटं खेडं आणि त्याला लागून सुमारे ७०० हेक्टरांचा उघडा वाळूमाळ. पश्चिम युरोपातल्या अंतर्भागातल्या हलत्या वाळूचा एवढा मोठा सलग तुकडा दुसरीकडे क्वचितच सापडेल. मी उत्रेख्तला राहतो. आपेलडोर्नपर्यंत रेल्वे, पुढे सायकल, पाइनच्या झाडीतून जाणारी वाट, आणि मग झाडी एकदम संपते. पहिल्यांदा जाणारा प्रत्येक भारतीय इथे राजस्थानचं नाव घेतो. ते खरं नाही. इथे वर्षाला आठशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आपल्या माणदेशाने हेवा करावा एवढा. वाळू उघडी आहे ती पाण्याच्या टंचाईमुळे नव्हे, माणसामुळे.

वाळू मुळात जुनी. शेवटच्या हिमयुगात उत्तर समुद्राचा तळ कोरडा पडला होता, वनस्पती जवळजवळ नव्हती, आणि वाऱ्याने या भागावर बारीक वाळूची चादर पसरली. हवा उबदार झाल्यावर तिच्यावर जंगल वाढलं आणि वाळू हजारो वर्षं झाकलेली राहिली. मग माणसाने जंगल तोडलं, तिथे हेदरची झुडपं आली, आणि त्या झुडपांवर मेंढ्या आल्या.

मेंढ्या लोकरीसाठी पाळत होतेच, पण त्याहून जास्त लेंडीसाठी. वेलुवेची जमीन हलकी. खत घातल्याशिवाय राय पिकायची नाही. शेतकरी माळावरच्या हेदरचे मुळांसकट थर कुदळीने काढायचे, ते गोठ्यात अंथरायचे, मेंढ्या त्यावर रात्रभर बसायच्या, आणि ते सगळं मिश्रण शेतावर जायचं. शतकानुशतकं हे चाललं. काही गावांची शेतं त्यामुळे मीटरभर उंच झाली. आजही रस्त्यावरून शेत वर उचललेलं दिसतं. शेत जेवढं चढलं तेवढा माळ सोलला गेला. सोललेल्या जागी वाऱ्याला वाळू सापडली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला नेदरलँड्समध्ये अशी सुटलेली वाळू सुमारे ८०,००० हेक्टरांवर होती असं अभ्यासक मानतात. आज ती जेमतेम दीड-दोन हजार हेक्टर उरली आहे.

वाळू सुटली की काय होतं ते कोटवाइकलाच जमिनीखाली सापडलं. १९७० च्या दशकात पुरातत्त्वज्ञांनी वाळूमाळाच्या कडेला खोदकाम केलं तेव्हा मध्ययुगाच्या सुरुवातीचं अख्खं गाव निघालं: घरांच्या खांबांचे खड्डे, कुंपणांच्या रेषा, विहिरी. गाव सोडून माणसं गेली आणि पुढे त्यावर वाळू चढली. आत्ताचं कोटवाइक त्याच नावाचं, पण शेजारी सरकलेलं. त्या जागी उभं राहून फोटो काढण्यासारखं आज काहीच दिसत नाही. पायाखाली गाव आहे एवढं माहीत असतं, बस.

शेवटी मेंढ्यांचं अर्थकारण मोडलं. ऑस्ट्रेलियाची स्वस्त लोकर बाजारात आली, पाठोपाठ रासायनिक खत आलं आणि लेंडीची किंमत गेली. १८९९ मध्ये सरकारी वनखातं स्थापन झालं, आणि कोटवाइकची वाळू बांधणं हे त्याच्या पहिल्या मोठ्या कामांपैकी एक होतं. फांद्या पुरायच्या, गवत रोवायचं, मग स्कॉट्स पाइनच्या रांगा. लाकूड खाणींत टेकूला लागायचं, त्यामुळे सोय दुहेरी. आज वाळूमाळाला वेढून असलेलं ते घनदाट, 'प्राचीन' वाटणारं जंगल फार तर सव्वाशे वर्षांचं आहे. पर्यटक त्याला निसर्ग म्हणतात आणि मधल्या वाळूला उजाड जागा. मला याची चीड येते, पण पहिल्या भेटीत मीही तेच म्हणालो असणार.

*

कोटवाइकचे फोटो समाजमाध्यमांवर पाहिले तर बहुतेक एकाच जातीचे आहेत. सोनेरी उजेड, वाळूच्या लाटा, दूर एकटं वाकडं पाइनचं झाड, आणि क्षितिजावर रेडिओ कोटवाइकची काँक्रीटची इमारत. इमारत खरोखर विलक्षण आहे. युलियस लुटमान या वास्तुकाराने १९२० च्या सुमारास ती उभारली, इथून डच ईस्ट इंडीजशी, म्हणजे आजच्या इंडोनेशियाशी, बिनतारी संपर्क साधण्यासाठी. ओसाड, सरकारी मालकीची, अडथळा नसलेली जमीन हवी होती. वाळूमाळाशेजारी ती फुकट पडून होती. फोटोत ती मंदिरासारखी उभी राहते आणि वाळूला विसरायला लावते. म्हणून मी तिच्याकडे पाठ करून कॅमेरा लावतो. हा माझा हट्ट आहे, नियम नव्हे.

रुंद चौकटीचा दोष असा की तिच्यात हालचाल दिसत नाही. वाळू ज्या उंचीवर जगते ती उंची घोट्याची आहे. वाळूच्या प्रवासाचं गणित राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने १९४१ च्या आपल्या पुस्तकात मांडलं. कण वाऱ्याबरोबर तरंगत नाही. तो उडी मारतो, कमान करून खाली येतो, आपटतो आणि आणखी चार कणांना उडवतो. या उड्या बहुतेक गुडघ्याच्या खालीच राहतात. वारा सेकंदाला सहा-सात मीटरच्या पुढे गेला आणि वाळू कोरडी असली की हे सुरू होतं. उभा माणूस तेव्हा आरामात श्वास घेत असतो आणि त्याच्या पायाशी जमीन वाहत असते.

त्यामुळे इथे फोटो काढायचा म्हणजे आडवं पडायचं. सूर्य समोर, कमी उंचीवर; शटर एक पंधरांश सेकंदाच्या आसपास. मग उडणारे कण ठिपके राहत नाहीत, उजेडाच्या आडव्या रेघा होतात, आणि त्या रेघांमध्ये बुंटग्रासचा ठोंब स्थिर दिसतो. ठोंबाच्या मागे, वारा अडतो त्या बाजूला, वाळूची निमुळती शेपटी साचलेली असते. ती शेपटी हा त्या ठोंबाचा जमाखर्च आहे. लांब, ताजी, धार असलेली शेपटी म्हणजे वाळू येते आहे, मुळ्या फुटत आहेत. शेपटी नसेल आणि ठोंब वाळूच्या पातळीहून उंच उघडा पडला असेल तर वारा त्याची जमीन नेतो आहे. आणि ठोंबांच्या मधल्या जागेत शेवाळाचा पातळ हिरवा-काळा थर दिसला तर वाळू बसली. तिघांचे फोटो एकाच लेन्सने, एकाच उंचीवरून काढून शेजारी ठेवले की शब्दांची गरज उरत नाही.

किमतीचं बोलायला हवं. आडवं पडून काम केलं की वाळू कॅमेऱ्यात जाते. झूम लेन्स पुढेमागे करताना हवा आत ओढते, हवेबरोबर कण, आणि एक दिवस रिंग फिरवताना जात्यात खडा आल्यासारखा आवाज येतो. म्हणून स्थिर लेन्स न्यायची, ती घरी लावायची आणि माळावर काढायची नाही. पुढे साधा काचेचा फिल्टर. वाळू पुसायची नाही, फुंकायची. कापडाने पुसली की ती काच घासते. तिपाईचे पाय जोडांपर्यंत रुतवायचे नाहीत. उजेडाचंही एक भान लागतं: फिकट वाळू पाहून कॅमेरा फसतो आणि चित्र मळकं काढतो, त्याला एखादा स्टॉप जास्त द्यावा लागतो. आणि दुपारी बुंटग्रासच्या वाट्याला जाऊ नये. राखाडी गवत, राखाडी वाळू, वरून ऊन; दोन्ही एकमेकांत विरतात. शिवाय उन्हाळ्यात उघड्या वाळूचा पृष्ठभाग ५० अंशांच्या वर तापतो आणि कोपर टेकवत नाही. त्याच जागेवर स्वच्छ रात्री जमिनीलगत, अगदी उन्हाळ्यातही, दव गोठू शकतं.

चांगला उजेड पहाटेचा. पात्यांवर दव असतं, ठोंब चांदीचा होतो. जूनमध्ये फुलोरा येतो, परागकोश जांभळट, आणि आठवडाभर आख्ख्या माळावर धुरकट गुलाबी छटा पसरते. मॅक्रो लेन्स असेल तर एकेका फुलाच्या कुसाकडे बघा. आपल्याकडच्या कुसळी गवताचं कूस टोकदार, कपड्यात घुसणारं. बुंटग्रासचं कूस टोकाला फुगलेलं असतं, छोट्या सोट्यासारखं. मिलिमीटरांतली ही वस्तू डोळ्यांना नीट दिसत नाही. गवताची ओळख मात्र तिच्यावरूनच पक्की होते.

पाय कुठे टाकायचा ते आधी ठरवावं लागतं. एकदा लाटा तुडवल्या की पुढचा वारा येईपर्यंत ते चित्र गेलं. इथले जुने छायाचित्रकार बाहेरून आत येत नाहीत. कडेने फिरून, आपली पावलं चौकटीबाहेर राहतील अशी वाट काढतात.

*

वाळू बसते कशी, याचा क्रम इथे शंभर पावलांत पाहता येतो. पहिल्यांदा येतं ते गवतही नव्हे. ओल असलेल्या वाळूत सूक्ष्म शैवाल वाढतं आणि कणांना चिकटवतं. नखाने वरचा थर हलका खरवडला तर खाली हिरवट रेघ दिसते. मग बुंटग्रास. मग सँड सेज, कॅरेक्स अॅरेनारिया, जी जमिनीखालून सरळ रेषेत खोड पळवते आणि ठरावीक अंतरावर वर कोंब काढते. उघड्या वाळूवर ती हिरव्या टाक्यांची रांग वरून पाहिली तर कुणी मापून घातल्यासारखी वाटते. वसंतात पांढरी, अगदी बारीक फुलं येणारी एक स्परी असते, वसंत संपता संपता तिचा संसार आटोपतो. मग केसाळ टोकांचं पॉलिट्रिकम शेवाळ, ज्याच्या नर रोपांवर वसंतात तांबडे पेले उघडतात. आणि सगळ्यांत शेवटी, वाळू पूर्ण थांबली की दगडफुलाच्या जातकुळीतली क्लॅडोनिया: राखाडी झुडपं, पेले, लाल टोकांच्या काड्या. पंचवीस-तीस जाती एकाच उतारावर भेटू शकतात. ही अवस्था सर्वांत हळू वाढणारी आणि सर्वांत नाजूक. कोरडी असताना बुटाखाली ती चुरा होते, म्हणून तिथे मी वाकून, कडेवरूनच फोटो घेतो.

ऑगस्टमध्ये या पट्ट्यात एक तपकिरी फुलपाखरू उडतं, हिपार्किया स्टॅटिलिनस. नेदरलँड्समध्ये ते आता कोटवाइकच्या आसपासच टिकून आहे. त्याला विरळ गवत, मधे उघडी वाळू आणि दगडफुलं, असं तिन्ही लागतं. ते पंख मिटून बसलं की पाइनच्या सालीत आणि वाळूत हरवतं. फोटोत ते सापडत नाही अशी तक्रार संपादक करतात, आणि मला वाटतं ती तक्रारच त्या फोटोचं यश आहे.

या शांत क्रमात १९६१ मध्ये एक पाहुणा घुसला. कॅम्पिलोपस इंट्रोफ्लेक्सस, दक्षिण गोलार्धातलं शेवाळ, पात्यांच्या टोकाला पांढरी तारका. त्या वर्षी ते या देशात पहिल्यांदा नोंदलं गेलं. डच लोक त्याला रणगाडा-शेवाळ म्हणतात. ते येतं आणि बसतं. वाळू थांबते न थांबते तोच ते काही वर्षांत जाड, करडी गादी पसरतं. क्लॅडोनियाला जागा उरत नाही, स्परीला उगवायला फट उरत नाही. एकटं ते एवढं शिरजोर झालं नसतं. त्याच्या पाठीशी हवेतला नायट्रोजन आहे.

हे समजून घ्यायला माळाच्या पश्चिमेला बघावं लागतं. तिथे गेल्डर खोरं आहे: कोंबड्या, डुकरं, गाई, आणि ज्या गावाच्या नावाने जगभर तपकिरी अंडी देणारी कोंबडी ओळखली जाते ते बार्नेवेल्ड. शेणखतातून अमोनिया उठतो. वारा बहुतेक नैर्ऋत्येकडून येतो आणि तो अमोनिया वेलुवेवर उतरवतो. उघड्या वाळूच्या या अधिवासाला हेक्टरी वर्षाला सुमारे १० किलो नायट्रोजन सोसतो, त्यापुढे गवत आणि शेवाळ माजायला लागतं. प्रत्यक्षात पडणारा नायट्रोजन या मर्यादेच्या बराच वर आहे. म्हणजे जिथे शेणलेंडी कमी पडली म्हणून वाळू सुटली होती, तिथेच आता शेण जास्त झाल्यामुळे वाळू बसते आहे.

मे २०१९ मध्ये नेदरलँड्सच्या राज्य परिषदेने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने, नायट्रोजनचे परवाने देण्याची सरकारी पद्धत रद्द केली. बांधकामं थांबली, गोठ्यांचे विस्तार अडले, आणि ऑक्टोबरमध्ये शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेगला धडकले. पुढे २०२३ च्या प्रांतिक निवडणुकीत शेतकऱ्यांचा नवा पक्ष पहिला आला. त्या वादात एका बाजूला माणसाचं पोट आणि दुसऱ्या बाजूला 'चार झुपके गवत' असं चित्र रंगवलं गेलं. ते चार झुपके मी पाहिले आहेत. शेतकऱ्याची अडचणही खरी आहे: गेली साठ-सत्तर वर्षं जास्त जनावरं पाळा असं त्याला बँकेने, सहकारी संघाने आणि सरकारनेच सांगितलं. पण गवत खोटं बोलत नाही. दहा वर्षांपूर्वीच्या आणि आजच्या चौकटी शेजारी ठेवा, मधली वाळू कमी झालेली मोजता येते.

म्हणूनच आता उलटा उद्योग चालतो. ज्या वनखात्याने पाइन लावले तेच खातं काठाचे पाइन तोडतं आहे, वाऱ्याला धावपट्टी मिळावी म्हणून. शेवाळाने बसलेला वरचा थर यंत्रांनी खरवडून काढतात, मुळं चाळतात, वाळू परत उघडी करतात. हिवाळ्यात कधी कधी माळाच्या मध्यभागी पिवळा एक्स्कॅव्हेटर उभा दिसतो. बहुतेक छायाचित्रकार तो गेल्यावर येतात. मी त्याचाही फोटो काढतो. 'अस्पर्शित निसर्ग' म्हणून विकल्या जाणाऱ्या या जागेचा तोच सर्वांत प्रामाणिक फोटो आहे. शेजारच्या हार्स्कम्पला लष्कराचं गोळीबाराचं मैदान आहे. वारा तिकडून असला की गोळ्यांचे आवाज येतात. लष्कराच्या गाड्या आणि बूट जिथे फिरतात तिथे वाळू उघडी राहते, हेही खरं.

*

या वाळूमाळाने एक पक्षी गमावला. टॉनी पिपिट, तिरचिमणीच्या कुळातला, फिकट, उभ्या चालीचा. नेदरलँड्समधली त्याची शेवटची घरटी वेलुवेच्या वाळूतच होती. या शतकाच्या सुरुवातीला ती संपली. तोच पक्षी, पूर्वेकडच्या प्रदेशांतून येणारा, हिवाळ्यात आपल्या दख्खनच्या माळांवर दिसतो. सोलापूर, नगर, पुण्याच्या पूर्वेकडच्या माळांवर पक्षी पाहणाऱ्यांना तो ठाऊक आहे. वेलुवेत एवढ्या खर्चाने ज्या प्रकारची जागा परत घडवायचा प्रयत्न चालला आहे, तशीच उघडी, विरळ गवताची जागा त्याला आपल्याकडे आयती मिळते.

आयती, पण किती दिवस? आपला माळ वाळूचा नाही. मुरूम, खडक, पातळ माती आणि त्यावर पवन्या, मारवेल, कुसळी. पण चूक तीच होते आहे. उघडा माळ म्हणजे पडीक, पडीक म्हणजे झाडं लावायची जागा. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या परिसरातही ग्लिरिसिडिया लावला गेला. डचांनी १८९९ पासून हेच केलं आणि आज ते आपलीच लावलेली झाडं पैसे देऊन तोडत आहेत. हे आपण त्यांच्याकडून फुकट शिकू शकतो.

ज्यांच्या हातात कॅमेरा आहे, फोनचाही चालेल, त्यांना एक विनंती. आपल्या तालुक्यातला एक माळ निवडा. एखादा न हलणारा दगड किंवा विजेचा खांब खुणेसाठी धरा. त्याच जागी उभे राहून, त्याच लेन्सने, पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्यात असे वर्षातून दोन फोटो काढा: एक रुंद, एक घोट्याच्या उंचीवरून गवताच्या बुडाचा. तारीख लिहून ठेवा. वृक्षारोपणाचा फलक लागायच्या आधी पहिला फोटो निघायला हवा.